डाव्या हाताचा घास

मास्तरणीने डाव्या हाताने सुशीचा तुकडा उचलला आणि तो बोटांतून सुटून थेट सोया सॉसच्या वाटीत पडला. सॉसचे शिंतोडे काउंटरवर उडाले, दोन-चार तिच्या बाहीवर आले. शेजारी बसलेल्या नवऱ्याने कागदी रुमाल पुढे केला. काउंटरपलीकडच्या आचाऱ्याने मात्र मान वर केली नाही. तो आपला सुरी फडक्याला पुसत राहिला, आणि त्याने पुढचा तुकडा ठेवला तोही पहिल्यासारखाच, उजव्या हाताला सोयीचा पडेल असा तिरका.

"नापास," मास्तरीण म्हणाली.

"अगं, हळू. ऐकेल तो."

"ऐकू दे की. ऐकून तरी वर बघेल."

"मासा खाऊन बघ आधी. लोणी आहे नुसतं."

"मासा कोण बघतंय इथे?" तिने वाटीतला तुकडा चिमटीत धरून बाहेर काढला, तोंडात टाकला आणि औषधाची गोळी घ्यावी तसा गिळला.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. आता जास्त स्पष्ट दिसतंय की आता, असं दिवसभर लोकांना विचारण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि घरी मात्र त्याला असं काही विचारायची पद्धत नव्हती. त्याने आपल्या पुढ्यातला तुकडा तोंडात ठेवला, सावकाश चावला, आणि मास्तरीण पर्स शोधत असताना तिच्या वाट्याचे उरलेले तुकडेही संपवले. इतक्या चांगल्या माशाला असं टाकून जाणं त्याच्या जिवावर आलं होतं.

मास्तरीण म्हणजे शाळेतली मास्तरीण नव्हे. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शहर काही फार मोठं नव्हतं, त्यामुळे सिग्नलला उभं राहिलं की आजूबाजूच्या गाड्यांत तिचा एखादा शिष्य हमखास सापडायचा, आणि तो तिला पाहून नकळत पाठ ताठ करायचा. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाखाली एक जादा ब्रेक होता. त्या ब्रेकची तिला इतकी सवय झाली होती की दुसरं कोणी गाडी चालवत असलं, किंवा नुसतं कोणी तिच्या मनाविरुद्ध बोलत असलं, तरी तिचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. तिने एखादी गोष्ट मनावर घेतली की घेतली. मग ती गोष्ट सरळ होईपर्यंत आजूबाजूच्या कोणाची धडगत नसे.

सध्या तिने मनावर घेतलं होतं ते बाबांना बाहेर जेवायला नेणं.

बाबा कोट शिवायचे. साधेसुधे नव्हेत, लग्नाचे, पदवीदानाचे, आणि ज्यांना खांदे नाहीत अशा माणसांना खांदे देणारे. रस्त्यापलीकडून जाणाऱ्याची कॉलर वाकडी बसली असेल तर त्यांना जेवण गोड लागत नसे. गेल्या वर्षी त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. वाचा आठवडाभरात परत आली. पाय काठीच्या आधाराने आला. हात आला नाही. दुकान बंद झालं आणि बाबा लेकीकडे राहायला आले.

सुरुवातीला ते सगळ्यांबरोबर टेबलावर बसायचे. डाव्या हाताने जेवायचे, थोडं अंगावर सांडायचं. मास्तरीण शेजारीच बसायची, सांडलं की लगेच टिपायची. एकदा पाहुणे आले होते तेव्हा तिने जेवणाआधीच त्यांच्या गळ्यात मोठा रुमाल बांधला, मागे छान गाठ मारली. दुसऱ्या दिवसापासून बाबा आपलं ताट खोलीत नेऊ लागले. दार लावून जेवायचे आणि रिकामं ताट दाराबाहेर ठेवायचे. काय हवं विचारलं की म्हणायचे, चालेल. भाजी चालेल, कालचं उरलेलं चालेल, काही नसलं तरी चालेल.

ज्या माणसाने उभ्या जन्मात कशालाही चालेल म्हटलं नव्हतं, त्याच्या तोंडून ते ऐकणं मास्तरणीला सोसवत नसे. नुसतं खाणं-पिणं असतं तर तिने एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण बाबा दिवसेंदिवस त्या खोलीत मुरत चालले होते. आता बाहेर काढलं नाही तर ते कायमचे तिथलेच होतील, अशी तिला भीती वाटत होती, आणि ती भीती खरी होती.

तिच्या मते हे सगळं हातामुळे होतं. हाताची लाज. तेव्हा हाताला लाज वाटणार नाही असं काहीतरी शोधायला हवं होतं.

सुशी तिला तशी उगाच सुचली नव्हती. बाबांच्या दुकानाखालच्या गल्लीत पूर्वी एक चिंचोळी सुशीची जागा होती. आई होती तोवर ती दोघं दर शनिवारी दुकान बंद करून तिथे जाऊन बसायची. तिथला म्हातारा आचारी पुढे थकला, जागा विकून मुलीकडे निघून गेला, आणि बाबांची सुशी बंद पडली. मास्तरणीने हिशेब केला तो असा: सुशीत काही कापावं लागत नाही, मोडावं लागत नाही, वाटी धरावी लागत नाही. भाताचा मुटका, त्यावर माशाची चकती, एक घास. चार माणसांत बसून बोटांनी उचलून खाल्लं तरी कोणी नाक मुरडत नाही, उलट जाणकार म्हणतात. एका हाताच्या माणसाला याहून सोयीचं जेवण जगात नाही.

त्यात भर घातली तिच्या एका विद्यार्थिनीने. ही बाई पूर्वी कुठल्याशा मोठ्या शहरात सुशीच्या स्वयंपाकघरात कामाला होती. गाडी मागे घेता घेता ती सहज म्हणाली, "खरा आचारी असला ना मॅडम, तो गिऱ्हाइकाचा हात बघतो. डावखुरा असला तर दुसऱ्या तुकड्यापासून तुकडे उलटे तिरके ठेवतो. बोलत नाही, विचारत नाही. नुसतं वळवतो."

मास्तरणीने खाडकन ब्रेक दाबला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

तेव्हापासून हे चाललं होतं. शिकवण्यांच्या मधल्या वेळात, दुपारी, नवऱ्याला दुकानातून उठवून ती एकेक सुशीचं हॉटेल पालथं घालत होती. प्रत्येक ठिकाणी काउंटरला बसायचं, डावा हात पुढे करायचा आणि आचाऱ्याच्या हातांवर नजर ठेवायची. गावात चांगली सुशी कुठे मिळते, असं तिला कोणी त्या दिवसांत विचारलं असतं तर तिने त्या प्रश्नाचा अर्थ, कुठला आचारी हात बघतो, एवढाच घेतला असता.

मॉलमध्ये एक होतं, तिथे ताटल्या फिरत्या पट्ट्यावरून यायच्या. "पट्ट्याला कुठले आलेत डोळे," असं म्हणून ती दारातूनच वळली. नवऱ्याने तेवढ्यात एक ताटली उचलली होती, ती त्याला उभ्या उभ्या संपवावी लागली. नदीकाठच्या हॉटेलातला आचारी दिसायला राजबिंडा होता, सगळ्यांशी गप्पा मारत होता, पण त्याची नजर गिऱ्हाइकांपेक्षा समोरच्या आरशाकडेच जास्त. कोर्टाजवळच्या हॉटेलात तिचा डावा हात खरोखर कोणाच्या तरी नजरेस पडला, पण तो वाढप्याच्या. त्याने अगत्याने चमचा आणून दिला. चमचा बघून मास्तरणीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मला चमचा कशाला?"

"तुम्हाला त्रास होतोय असं वाटलं."

"मला काही त्रास होत नाहीये. तुम्हाला होतोय."

नवऱ्याने वाढप्याकडे बघून क्षमा मागितल्यासारखी मान हलवली आणि कोट घातला.

स्टेडियममागचं ते पहिलं हॉटेल, जिथे तुकडा सॉसमध्ये पडला होता, ते नापास होऊनही नवऱ्याच्या मनातून जात नव्हतं. अधूनमधून तो म्हणायचा, "स्टेडियममागचा भात मात्र," आणि वाक्य तिथेच सोडून द्यायचा. कारण पुढे काही बोललं की मास्तरणीचा पाय जमिनीवर दाबला जायचा.

शेवटी एकदाचं सापडलं. बस डेपोच्या मागच्या बाजूला, लाँड्रीला लागून एक छोटं हॉटेल होतं. दुपारची वेळ, दुसरं गिऱ्हाईक नाही. आचारी पन्नाशीचा, संथ, झोपेतून उठल्यासारखा. त्याने पहिला तुकडा ठेवला तो उजव्या हाताला सोयीचा. मास्तरणीने डाव्या हाताने उचलला. आता तिला सवय झाली होती, तुकडा पडत नव्हता. आचाऱ्याने तिच्या हाताकडे एकदा पाहिलं, ओल्या फडक्याला बोटं पुसली आणि दुसरा तुकडा ठेवला तो उलट्या बाजूला तिरका. तिसराही तसाच. चेहऱ्यावर काही नाही.

मास्तरणीने नवऱ्याला कोपर मारलं. "बघितलंत?"

"बघितलं."

"काही बोलला? विचारलं काही? नुसतं वळवलं." त्या अनोळखी माणसाबद्दल तिला एकदम माया वाटली. "पास," ती म्हणाली. "एकदम पास."

नवरा बराच वेळ चावत होता. "भात जरा..."

"जरा काय?"

"काही नाही."

"तुमचं आपलं काहीतरी असतंच."

त्याने मूग गिळले आणि वर चहा प्यायला.

घरी आल्यावर मास्तरणीने बाबांच्या दारावर टकटक केली आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. बाबा खिडकीशी बसले होते. रस्त्यावरच्या लोकांचे कोट बघत असावेत.

"बाबा, रविवारी दुपारी सुशी खायला जायचंय."

"इकडेच आण. चालेल."

"आणायची नाही. तिथे बसून खायची."

"नको गं. तुम्ही दोघं जा."

"जागा शोधून ठेवलीय मी. गर्दी नसते. तुम्हाला काही त्रास होणार नाही, कोणी बघणार नाही. मी शेजारी असेन."

"मी घरी बरा आहे."

"असे किती दिवस घरी बसणार आहात?"

बाबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. हा त्यांचा जुना खाक्या होता. गिऱ्हाइकाने नको तिथे खिसा मागितला की ते असेच खिडकीकडे बघायचे. मास्तरणीने गोडीने सांगून पाहिलं, आवाज चढवून पाहिलं, आईचं नावही काढलं आणि काढल्याबरोबर स्वतःवरच वैतागली. शेवटी बाहेर येऊन तिने स्वयंपाकघरात भांडी आपटली.

नवरा काही वेळाने स्क्रू पिळायचं बारकं हत्यार घेऊन बाबांच्या खोलीत गेला. बाबांच्या चष्म्याची काडी ढिली झाली होती म्हणे. त्याने आत जाऊन दार लोटून घेतलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"येतायत रविवारी," तो म्हणाला.

मास्तरणीच्या हातातला पेला तसाच राहिला. "काय सांगितलंत तुम्ही?"

"काडी घट्ट केली फक्त."

"मी एवढं डोकं आपटलं तर नाही म्हणाले."

"मग झालं ना आता. येतायत ना?"

तिने त्याच्याकडे संशयाने बघितलं. पण काम झालं होतं, आणि झालेल्या कामाची चिरफाड करण्याइतका वेळ तिच्याकडे कधीच नसे.

रविवारी बाबांनी स्वतः शिवलेला राखाडी कोट घातला. एका हाताने बटणं लावायला त्यांना बराच वेळ लागला. मास्तरीण दाराशी उभी राहून दोनदा पुढे झाली, दोन्ही वेळा नवऱ्याने तिला गाडीची किल्ली कुठे आहे ते विचारलं. किल्ली तिच्या हातातच होती.

लाँड्रीशेजारच्या हॉटेलात ती अगदी ठरवल्याप्रमाणे बसली. बाबा मधे, त्यांच्या लुळ्या हाताच्या बाजूला ती, पलीकडे नवरा. पर्समध्ये तिने घरचा रुमाल आणला होता, पण तो बाहेर काढला नाही. आचाऱ्याने मान लववून नमस्कार केला आणि पहिला तुकडा ठेवला. बाबांनी काठी काउंटरला टेकवून ठेवली, डावा हात वर आणला. त्या हाताला कोट बेतायची सवय नव्हती तशी खायचीही अजून पुरती झाली नव्हती. तुकडा उचलला, तो थोडा सुटला, भाताची चार शितं काउंटरवर पडली. घास तोंडात गेला.

मास्तरीण बाबांकडे बघत नव्हती, ती आचाऱ्याच्या बोटांकडे बघत होती. आचाऱ्याने फडक्याला बोटं पुसली. दुसरा तुकडा ठेवला. उलटा तिरका.

तिचा जीव भांड्यात पडला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. एवढ्या दुपारी फिरण्यात घालवल्या त्या वाया गेल्या नव्हत्या. बाबा बाहेर आले होते, चार माणसांत बसून खात होते, आणि त्यांच्यासाठी जग गुपचूप थोडंसं वळलं होतं. ते तिने वळवलं होतं. तिला स्वतःचा अभिमान वाटला, आणि तो वाटण्यासारखाच होता.

बाबांनी दुसरा तुकडा खाल्ला. तिसरा खाल्ला. चौथ्याला हात लावण्याआधी त्यांनी चहाचा घोट घेतला.

"हे कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"कोणाचं म्हणजे?"

"तुमच्या दोघांत वाद आहे ना, गावात सुशी कुठली चांगली यावरून? जावईबापू म्हणाले तिसरा माणूस हवाय. निकाल द्यायला. तर हे तुझं की त्यांचं?"

मास्तरणीने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. नवरा भिंतीवरचं माशाचं चित्र फार लक्ष देऊन बघत होता.

"माझं," ती म्हणाली.

"हं." बाबांनी चौथा तुकडा उचलला, चावला, गिळला. आचारी सुरी धुवायला आत गेला तेवढ्यात ते म्हणाले, "भात गार आहे."

"काय?"

"सकाळचा असावा. शिवाय दाबलाय किती घट्ट. कोटाच्या खांद्यात कापूस भरताना नवखा कारागीर ठासून भरतो ना, तसा. मासा ठीक. बेताचा."

"बाबा, पण त्याने तुमच्यासाठी तुकडे—"

"वळवले. बघितलं मी. माणूस चांगला आहे, नजर आहे त्याला. म्हणून काय भात चांगला होतो का?"

"मी किती ठिकाणी फिरलेय तुम्हाला माहीत आहे का?" तिला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला कुठलंच नीट करता येईना. "गाव पालथं घातलं मी. प्रत्येक ठिकाणी जाऊन बसले. कशासाठी? तुम्हाला कुठे अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. आणि तुम्ही म्हणता भात गार आहे."

"गार आहे म्हणून गार म्हटलं." बाबांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नव्हते. पूर्वी दुकानात नवा कोट घेऊन आलेल्या कारागिराकडे ते असेच बघायचे, चूक काय झाली ते तो स्वतःच सांगेल अशा बेताने. "एवढी फिरलीस. खाल्लंस का पण कुठे?"

मास्तरणीने तोंड उघडलं. मॉल तिला आठवला, नदीकाठ आठवला, तो चमचा आठवला. आचाऱ्यांचे हात सगळे एकामागून एक आठवले. चव मात्र एकाचीही आठवेना. आत्ता, या क्षणी तिच्या तोंडात होता त्या घासाचीसुद्धा तिने दखल घेतली नव्हती. तिने तो नीट चावून पाहिला.

भात गारच होता.

आचारी परत आला. बाबांनी उठताना त्याला म्हटलं, "तुमची नजर फार चांगली आहे. आभारी आहे." आचाऱ्याच्या झोपाळू चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू उमटलं. मग बाबांनी काठी घेतली आणि जावयाला विचारलं, "तुमचं कुठे आहे?"

"आज?" मास्तरीण म्हणाली. "आत्ताच तर खाल्लंत. दमाल तुम्ही."

"चार तुकड्यांनी पोट भरत असतं तर काय हवं होतं? एक बाजू ऐकून निकाल देत नाहीत."

"तिथे गर्दी असते. स्टुलं उंच आहेत. आणि तो आचारी मान वर करून बघतसुद्धा नाही."

"त्याने माझं तोंड बघून काय करायचंय?" बाबा म्हणाले आणि दाराकडे चालायलाही लागले.

स्टेडियममागे गाडी लावायला जागा मिळत नव्हती. जी मिळाली ती दोन गाड्यांच्या मधली अरुंद फट होती. मास्तरणीने एका झटक्यात गाडी तिच्यात घातली. तेवढं एक तरी आज तिच्या मनासारखं झालं. मागच्या सीटवर नवरा खिडकीबाहेर बघत होता आणि फार खूश दिसू नये याची काळजी घेत होता.

आत गलका होता. रविवारची दुपार, कुटुंबंच्या कुटुंबं आलेली. काउंटरला शेवटची तीन स्टुलं रिकामी होती. नवऱ्याने हात देऊन बाबांना स्टुलावर चढवलं आणि त्यांच्या उजवीकडे बसला. मास्तरणीला डावीकडची जागा उरली. तिने आपलं स्टूल ओढून बाबांच्या अगदी जवळ घेतलं, खांद्याला खांदा लागेल इतकं. बाबांनी घातलेल्या कोटाकडे दोघं-तिघं वळून बघत होते. एक माणूस शेजारणीला म्हणाला, कोट काय सुरेख आहे. बाबांनी ते ऐकलं. दाखवलं नाही.

आचारी तोच, मान खाली घातलेला. सुरी चालत होती, हात चालत होते, कोणाकडे बघायला त्याला फुरसत नव्हती. त्याने तीन लहान चौकोनी ताटल्या समोर सरकवल्या, प्रत्येकीत एक तुकडा. तिन्ही एकाच बाजूला तिरके. उजवीकडे.

मास्तरणीचा पाय स्टुलाच्या खालच्या दांडीवर दाबला गेला. बाबांचा डावा हात काउंटरवर आला होता आणि तुकडा त्याच्या अगदी उलट पडला होता. आता हात अडखळणार, मनगट वाकडं होणार, घास सुटणार, सगळं गाव बघणार. मग उद्यापासून पुन्हा ते बंद दार आणि दाराबाहेर ठेवलेलं ताट. तिने आचाऱ्याकडे बोट केलं.

"अहो, जरा ऐकता का, यांना—"

बाबांनी ताटलीच्या कडेवर एक बोट ठेवलं आणि ती फिरवली. पाव फेरीच. तुकडा डाव्या हाताला आला. त्यांनी तो उचलला आणि खाल्ला.

आचाऱ्याने विचारलं, "काही म्हणालात?"

"नाही," मास्तरीण म्हणाली. "काही नाही."

बाबा चावत होते. घाई नव्हती. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटत गेल्या, आणि मग एक आठी पुन्हा आली, पण ती वेगळी होती, उत्तम कापडाचा पोत बोटांना लागल्यावर यायची ती. जावयाकडे वळून ते म्हणाले, "हं."

"भात?" नवऱ्याने विचारलं.

"भात."

दोघांचं तेवढ्यात सगळं बोलून झालं. दुसरा तुकडा आला, तोही चुकीच्या बाजूला. बाबांनी ताटली फिरवली. तिसरा आला, फिरवली. त्यात काही विशेष करतोय असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. दाराची कडी काढावी तितकंच. भाताची शितं कोटावर पडली, ती त्यांनी बोटाने टिपून तोंडात टाकली आणि आचाऱ्याला म्हणाले, "तो मघाचा चंदेरी मासा होता, तो पुन्हा द्या. आणि ती झणझणीत हिरवी वासाबी जरा हात राखून लावलीत, एवढी कंजुषी नको."

आचाऱ्याने पहिल्यांदा मान वर केली. बाबांकडे बघितलं, त्यांच्या हाताकडे नाही. "देतो," तो म्हणाला.

एक शीत कॉलरवर राहिलं होतं. मास्तरणीला ते दिसत होतं. तिने पर्स उघडून घरून आणलेला रुमाल बाहेर काढला आणि त्यांच्या गळ्याकडे हात नेला.

"जरा तिकडे सरक बघू," बाबा ताटलीवरची नजर न काढता म्हणाले. "माझं कोपर अडतंय."

हात तसाच मागे घेऊन मास्तरणीने रुमाल मांडीवर ठेवला. स्टूल थोडं बाजूला सरकवलं.

"अजून थोडी."

ती अजून थोडी सरकली.